प्रवेशानंतरचे पहिले सत्र

जून-जुलै महिन्यांत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांचे रकाने महाविद्यालयीन प्रवेशाच्या बातम्यांनी भरून जातात. गुणवत्ता याद्या, चढत गेलेली टक्केवारी, शुल्काचे आकडे, दाखल्यांसाठी तहसील कचेरीसमोर लागलेल्या रांगा, या सर्वांची साद्यंत चर्चा होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु शेवटची यादी लागली आणि शुल्काची पावती हाती पडली, की हा विषय समाजाच्या लेखी संपतो. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो विद्यार्थी मात्र त्यानंतर एका भल्या मोठ्या वर्गात, शे-सव्वाशे अनोळखी चेहऱ्यांमध्ये, मागच्या बाकावर जाऊन बसलेला असतो. त्याचे पुढे काय होते, हे पहिल्या सत्राचा निकाल लागेपर्यंत कोणी विचारीत नाही. निकालानंतरही विचारले जाते ते एवढेच, की किती विषय राहिले?

उच्च शिक्षणाचा विस्तार हा गेल्या काही दशकांतील खरोखरच मोठा सामाजिक बदल आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ साली देशात सुमारे ३ कोटी ४२ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२१-२२ मध्ये ही संख्या सुमारे ४ कोटी ३३ लक्षांवर गेली. सात वर्षांत ९१ लक्षांची भर पडली. ही भर पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या घरांतून पडणे शक्यच नव्हते, कारण त्या घरांतील मुले आधीपासूनच महाविद्यालयांत होती. आज तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या वर्गावर नजर टाकली तर घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच व्यक्ती आपण आहोत, असे सांगणारे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी मोठ्या संख्येने आढळतात.

पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला एखादा मामा वा थोरली बहीण जेवताना सहज चार गोष्टी सांगून जाते. कोणत्या प्राध्यापकांचा तास चुकवू नये, ग्रंथालयातले कोणते पुस्तक ऑगस्टमध्येच काढून घ्यावे, टिपणे कशी घ्यावीत, एखादे प्रकरण समजले नाही तर शिक्षकांच्या खोलीत जाऊन विचारले तरी कोणी खात नाही, इत्यादी. या ज्ञानाचा उल्लेख कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ते भांडवलच आहे, फक्त ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही आणि वारसाहक्कानेच मिळते. ज्याच्या घरी ते नाही त्याला शिष्यवृत्ती मिळू शकते, वसतिगृह मिळू शकते, शुल्कमाफीही मिळू शकते. हे भांडवल मात्र मिळत नाही.

या विद्यार्थ्याची अडचण नेमकी कोठे आहे? ‘पाया कच्चा आहे’ हे शिक्षकांच्या खोलीतील नेहमीचे उत्तर. ते सर्वस्वी खोटे नाही. पण फार सोयीचे आहे. बारावीत अर्थशास्त्रात ऐंशी गुण मिळविणारी मुलगी पहिल्या सत्रात त्याच विषयात अडखळते, तेव्हा पाया कच्चा होता असे कसे म्हणावे? एक उदाहरण घेऊ. मागणीचा नियम तिला पाठ आहे. नियमाचे विधान, गृहीतके, कोष्टक, आकृती आणि अपवाद या क्रमाने ती तो घडाघडा लिहू शकते. आता तिला असे विचारावे: दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचा भाव एरवीच्या कितीतरी पट चढतो आणि तरीही एरवीपेक्षा कितीतरी अधिक झेंडू विकला जातो, तर मागणीचा नियम दसऱ्याला मोडतो काय? वर्गातील बहुसंख्य उत्तरपत्रिकांत ‘होय, हा नियमाचा अपवाद आहे’ असे उत्तर येते, आणि काहींत तर झेंडूला गिफेन वस्तूंच्या पंक्तीला नेऊन बसविलेले असते. वस्तुतः मागणीचा विस्तार-संकोच आणि मागणीतील वृद्धी-ऱ्हास यांतील फरक याच विद्यार्थ्यांनी बारावीत दोन रकाने आखून लिहिलेला असतो, आणि त्याचे गुणही पदरात पाडून घेतलेले असतात. भाव वाढल्यामुळे कोणी जास्त झेंडू घेत नाही. सणामुळे मागणीच वाढली, मागणीचा वक्र सबंधच उजवीकडे सरकला, आणि भाव चढला तो त्यामुळे. हे उत्तर त्या दोन रकान्यांतच होते. मात्र ते रकाने तोरणाशी जोडायचे असतात, हे आजवर कोणी मागितलेच नव्हते.

शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षेत प्रश्न पुस्तकातून निघतो आणि उत्तर पुस्तकात परत जाते. एक मंडळ, एक पाठ्यपुस्तक, एक अपेक्षित प्रश्नसंच आणि जमल्यास एक खाजगी क्लास, एवढ्या साधनसामग्रीवर बारा वर्षे निभावून जातात. पदवीच्या वर्गात त्याला एक पानभर अभ्यासक्रम आणि खाली पाच-सहा संदर्भग्रंथांची नावे मिळतात. त्या ग्रंथांत एकाच संकल्पनेची मांडणी तीन प्रकारे केलेली असते. मग तो प्राध्यापकांना अत्यंत प्रामाणिकपणे विचारतो, ‘सर, यांतले परीक्षेला कोणते लिहायचे?’ हा प्रश्न ऐकून हसू येते. हसणाऱ्याने मात्र हे लक्षात घ्यावे की त्याच्या आजवरच्या अनुभवात तोच एक शहाणपणाचा प्रश्न होता.

ही गोष्ट केवळ सातारा-लातूरची नाही. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम पेरी यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षे मुलाखती करून जो अभ्यास केला तो १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या श्रीमंत विद्यापीठातील निवडक विद्यार्थीही प्रथम याच समजुतीत वावरत असल्याचे त्यांना आढळले: प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते, ते शिक्षकाला ठाऊक असते, आणि ते सांगणे हेच त्याचे काम. मतभेद दिसले की विद्यार्थ्याला प्रथम वाटते शिक्षकाला येत नाही. पुढे वाटते शिक्षक मुद्दाम लपवितो आहे. त्यानंतर काही काळ सगळीच मते सारखी असे वाटू लागते. मते पुराव्यावर तोलायची असतात, ही पायरी फार उशिरा येते. तिथवर पोहोचायला वेळ लागतो आणि सोबत लागते. आपल्याकडे या प्रवासाला अधिकृतपणे दिलेला अवधी म्हणजे पंधरा आठवड्यांचे एक सत्र होय, आणि त्यातील पहिले दोन-तीन आठवडे प्रवेशाच्या फेऱ्यांतच निघून जातात.

हा उंबरठा नवा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले तेव्हापासून शाळा आणि पदवी यांच्या मधल्या वर्षाला निरनिराळी नावे मिळत आली. ‘प्रीव्हियस’, ‘इंटर’, ‘प्री-डिग्री’ हे शब्द वाडवडिलांच्या बोलण्यातून अनेकांच्या कानांवर असतील. १९७५ पासून महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीला ‘कनिष्ठ महाविद्यालय’ असे नाव देण्यात आले. त्या नावातच एक आशा होती. ही दोन वर्षे शाळेची शिस्त आणि महाविद्यालयाचे स्वातंत्र्य यांच्यामधला पूल ठरतील, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात पुलावर परीक्षांचे नाके बसले. शास्त्र शाखेचा विद्यार्थी ती दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या तयारीत घालवितो; कला आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बोर्डाच्या टक्केवारीत. पूल ओलांडून पलीकडे आलेल्या दोघांनाही ग्रंथालयाची यादी कशी पाहावी हे ठाऊक नसते. आता तर यादीचीही गरज वाटेनाशी झाली आहे. मोबाईलवर प्रश्न घातला की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणात सुबक उत्तर लिहून देतात. ते बरोबर आहे की नाही हे तपासण्याची शक्ती मात्र वाचनातूनच यावी लागते.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाची परिभाषा येऊन पडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात नवी रचना प्रथम स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाली. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशा अक्षरसमूहांची एक पुरचुंडीच विद्यार्थ्याच्या हाती दिली जाते आणि त्यातून त्याने आठवडाभरात ‘निवड’ करावी अशी अपेक्षा असते. निवडीचे स्वातंत्र्य ही चांगली गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु बाजारपेठेचा पहिला धडा असा की माहितीविना केलेली निवड ही निवड नसते. अनेक ठिकाणी विद्यार्थी जो विषय ‘सोपा आहे’ असे शेजारच्याने सांगितले तो घेतो, नाहीतर कार्यालयीन लिपिकाने अर्जावर जी खूण केली असेल ती मान्य करतो. लिपिकाला दोष देण्याचे कारण नाही. दिवसाला दोनशे अर्ज तपासणाऱ्या माणसाने समुपदेशनही करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

या रचनेतील एक हिशेब मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडून दाखविला पाहिजे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाच्या ४० श्रेयांकांसाठी १,२०० अध्ययन-तास गृहीत धरलेले आहेत. म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तास पडतात. त्यांपैकी व्याख्यानाचे तास १५. उरलेले १५ तास कोणाचे? ते विद्यार्थ्याचे स्वतःचे आहेत: वाचनाचे, टिपणांचे, उदाहरणे सोडविण्याचे. चार श्रेयांकांच्या एका विषयाला ६० व्याख्याने असतील तर तितकेच तास त्याने एकट्याने त्या विषयाजवळ बसावयाचे आहे. २० श्रेयांकांच्या सत्राला हे ३०० तास होतात. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २०. हा आकडा ऐकून विद्यार्थी चकित होतात, कारण महाविद्यालय म्हणजे चार तासांचे काम आणि मग मोकळीक, अशीच त्यांची समजूत असते. शाळेत तास जास्त होते म्हणून तेथे अभ्यास जास्त होता, असे त्यांना वाटते.

अर्थात हिशेबाची दुसरी बाजूही आहे. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलीचे जाता-येता रोज तीन तास गेले तर आठवड्याचे सहा दिवस मिळून अठरा तास होतात. स्वयंअध्ययनाचे वीस तास आणि प्रवासाचे अठरा तास एकाच आठवड्यातून काढायचे आहेत, आणि घरी पोहोचल्यावर चूल आहे, धाकटी भावंडे आहेत. अशा मुलीला ‘वेळेचे नियोजन करा’ हा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. तिच्यासाठी महाविद्यालयाने ग्रंथालय सकाळी एक तास आधी उघडावे, शेवटचे व्याख्यान बस सुटण्यापूर्वी संपेल असे वेळापत्रक आखावे आणि मधल्या मोकळ्या तासाला बसायला एक वर्ग द्यावा, हे अधिक उपयोगाचे.

भाषेचा प्रश्न याहून जुना. कला शाखेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची सोय आहे; वाणिज्य आणि विज्ञान शाखांत अनेकांना बारावीनंतर किंवा अकरावीतच इंग्रजीचा डोंगर चढावा लागतो. पण मराठीतून शिकणाऱ्यालाही अडथळा आहेच. ‘सीमान्त उपयोगिता’, ‘समवृत्ती वक्र’, ‘मागणीची लवचिकता’ हे शब्द त्याच्या मातृभाषेतले असूनही त्याच्या घरात कधी उच्चारले गेलेले नसतात. पुढे पदव्युत्तर वर्गात वा स्पर्धा परीक्षेत तीच संकल्पना इंग्रजी नावाने भेटली की ओळखीचा माणूस परक्या वेषात आल्यासारखे होते. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केले आहेत आणि ते संगणकावर विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक विषयाच्या पहिल्या आठवड्यात चाळीस-पन्नास संज्ञांची मराठी-इंग्रजी जोडयादी देणे हे एका दुपारचे काम आहे. त्याला समितीची आवश्यकता नाही.

शासन-यंत्रणेने या प्रश्नाकडे डोळेझाक केली आहे असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागत-परिचय कार्यक्रमाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी तीन आठवड्यांचा असा कार्यक्रम सुचविण्यात आला होता. मार्गदर्शिका वाचली तर ती विचारपूर्वक लिहिलेली आहे. लहान गट, ज्येष्ठ विद्यार्थ्यांची सोबत, शिक्षकांशी परिचय या सर्व गोष्टी तीत आहेत. अंमलबजावणी मात्र बहुतेक ठिकाणी आपल्या परंपरेप्रमाणे होते. सभागृहात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, प्राचार्यांचे भाषण, ओळखपत्र आणि पंच्याहत्तर टक्के उपस्थितीसंबंधी सूचना, गुलाबाचे फूल, छायाचित्र आणि अहवाल. दुपारी एक वाजता दीक्षा पूर्ण होते.

या बाबतीत परदेशांतील दोन अनुभव लक्षात घेण्यासारखे आहेत. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठात १९७० साली विद्यार्थ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्याचा विचार करताना विद्यापीठाने १९७२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सत्रभर चालणारा एक स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. विद्यापीठात शिकायचे कसे, हाच त्याचा विषय. पुढे अनेक विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. दुसरा प्रयोग कॅन्सस सिटी येथील मिसुरी विद्यापीठाचा, १९७३ मधला. तेथे डीना मार्टिन यांनी एक साधी कल्पना काढली: ज्या विद्यार्थ्याने एखादा विषय चांगल्या रीतीने पार केला आहे, त्याने पुढच्या वर्षी त्याच विषयाच्या व्याख्यानांना पुन्हा बसावे आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी धाकट्या विद्यार्थ्यांचा गट घेऊन त्यावर चर्चा करावी. त्याने शिकवायचे नाही. टिपणे कशी घेतली, प्रश्न कसा सोडविला, कोठे अडले, एवढेच बोलायचे. या योजनेतील खरी मर्मदृष्टी अशी की तिने ‘कच्चे विद्यार्थी’ निवडले नाहीत, कठीण विषय निवडले. ज्या विषयात अनेकजण नापास होतात त्या विषयाच्या गटाला कोणीही यावे. त्यामुळे गटात येणे हा कोणाच्या कपाळी मारलेला शिक्का ठरत नाही.

आपल्याकडे ‘दुर्बल विद्यार्थ्यांसाठी उपचारात्मक वर्ग’ भरतात आणि रिकामे राहतात, याचे आश्चर्य वाटावयास नको. अठरा वर्षांच्या कोणत्या मुलाला स्वतःचे नाव दुर्बलांच्या यादीत वर्गाच्या दारावर लागलेले आवडेल?

ही योजना येथे परवडेल काय, हा प्रश्न रास्तच आहे. अनेक महाविद्यालयांत शिक्षकांची पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण प्राध्यापक सकाळी एका गावात व दुपारी दुसऱ्या गावात शिकवितो. त्याने शंभर विद्यार्थ्यांची वैयक्तिक विचारपूस करावी, असे म्हणणारे परिपत्रक काढणे सोपे आहे. परंतु ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या साहाय्याने चालणारी योजना याच परिस्थितीत उपयोगी पडते, आणि तिच्यासाठी लागणारे साधन महाराष्ट्राजवळ पूर्वीपासून आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हे तत्त्व त्यांनी तेथे प्रत्यक्षात आणून दाखविले. त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना चालते. इतरत्रही अशा योजना आहेत. तीत विद्यार्थी बागेत, कार्यालयात, ग्रंथालयात तासांच्या हिशेबाने काम करतात आणि मानधन घेतात. तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने प्रथम वर्षाच्या बारा जणांना आठवड्याला दोन तास सांख्यिकी वा सूक्ष्म अर्थशास्त्र सोडवून दाखविणे, हे काम त्याच मानधनास का पात्र ठरू नये? बागेला पाणी घालण्याइतके तरी ते उत्पादक निश्चितच आहे. शिवाय त्या विद्यार्थिनीचाही विषय पक्का होतो, हा लाभ वेगळा.

याविरुद्ध असे म्हटले जाईल की महाविद्यालय ही बालवाडी नव्हे. ज्याला शिकायचे तो शिकेल. हे म्हणणाऱ्यांत काही उत्तम शिक्षकही असतात आणि त्यांची भीती निराधार नाही. हात धरून चालविण्याची सवय लागली तर विद्यार्थी स्वतः चालायचा नाही. परंतु पोहणे शिकविणारा मनुष्य मुलाच्या पाठीला भोपळा बांधतो तो कायमचा नव्हे, आणि विहिरीत ढकलून काठावरून निघून जाणाऱ्याला कोणी पट्टीचा शिक्षक म्हणत नाही. मदत पहिल्या सत्रात दाट असावी, दुसऱ्यात विरळ व्हावी आणि दुसऱ्या वर्षी संपावी.

नव्या रचनेतील एका तरतुदीमुळे या प्रश्नाला विशेष निकड आली आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आता आहे. प्रपंचाच्या अडचणीने शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती काहीतरी राहावे, हा हेतू स्तुत्य आहे. पण हे प्रमाणपत्र कोणाला मिळते? ज्याने वर्षाचे सर्व श्रेयांक मिळविले आणि त्यावर कौशल्याचे चार श्रेयांक अधिक घेतले, त्याला. म्हणजे तो दरवाजा पहिले वर्ष नीट पार केलेल्यांसाठी आहे. जो पहिल्याच सत्रात पाचपैकी तीन विषयांत अडकला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परतलाच नाही, त्याच्यासाठी या इमारतीला जुनेच मागचे दार आहे आणि त्यातून बाहेर पडताना त्याला कोणतेही प्रमाणपत्र मिळत नाही. त्याच्या वडिलांनी वर्षभर भरलेले शुल्क, खोलीचे भाडे आणि मेसचा खर्च पाण्यात जातो. त्या वर्षात तो शेतावर वा दुकानात जे कमावू शकला असता तेही जाते. अर्थशास्त्रात यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात. घरात त्याला ‘पोराने वर्ष घालविले’ असे म्हणतात, आणि पाठची बहीण बारावी झाली की ते वाक्य पुन्हा उच्चारले जाते.

म्हणून पहिले लेखी काम सत्राच्या शेवटी न मागता तिसऱ्या आठवड्यातच मागितले पाहिजे. ते एका पानाचे असावे, त्याला गुण नसावेत, आणि आठवड्याच्या आत ते दोन ओळींचा शेरा लिहून परत मिळावे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आज बहुधा सत्राच्या अखेरीस एका हाताने घाईघाईत भरले जातात. विद्यार्थ्याला आपण कोठे चुकलो हे कळते तेव्हा सुधारण्याची संधी गेलेली असते. शंभर कागद तपासणे जड आहे हे खरे. पण एका पानाला तीन मिनिटे धरली तर पाच तास होतात, आणि ज्येष्ठ विद्यार्थ्यांचे गट असतील तर पहिले वाचन तेच करू शकतात.

दसरा बहुधा पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी येतो. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांना फुलबाजारात पाठवून घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत झेंडूचा रोजचा भाव आणि एका विक्रेत्याकडची अंदाजे विक्री वहीत टिपून आणण्यास सांगता येईल. दहा दिवसांच्या दहा नोंदी होतील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची अकरावी नोंदही घ्यावी. त्या दिवशी तोच झेंडू मातीमोल भावाने पडून असतो आणि तरीही कोणी उचलीत नाही. ती वही घेऊन वर्गात आलेल्या मुलीला नियमाचा अपवाद कोणता, हे पुस्तकात शोधावे लागणार नाही.